वजनाच्या ऑपरेशननंतर केस गळतायत? बायोटिन मागण्याआधी ताट आणि रिपोर्ट दाखवा

ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. वजन वीस-बावीस किलोंनी उतरलंय. शुगरच्या गोळ्या निम्म्यावर आल्यात, डोंबिवली स्टेशनचा जिना न थांबता चढता येतो, जुने ड्रेस अल्टर करायला टाकलेत. आणि नेमकं याच सुमारास डोक्यावरून आंघोळ केली की बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका साचू लागतो. कंगव्यात केस, उशीवर केस, कणीक मळताना परातीत केस. घरातलं कोणीतरी म्हणतंच, "तरी सांगत होते, नको करू ते ऑपरेशन!"

हे तुमच्या बाबतीत घडत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतून मुंबईला जाऊन बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी करून आलेले रुग्ण आता माझ्यासारख्या जनरल फिजिशियनकडेही नियमित येतात. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये झालेल्या शस्त्रक्रियेची बातमी घराघरात पोहोचली. तोपर्यंत ज्यांना हे ऑपरेशन माहीतही नव्हतं, ते आता स्लीव्ह चांगली की बायपास, असं विचारतात. पण 'नंतर काय' याबद्दल मात्र फारच कमी बोललं जातं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या सहा महिन्यांतल्या केसगळतीला घाबरू नका, पण ती वायाही घालवू नका. पाय थोडे सुजले, मुंग्या आल्या, थकवा आला तर आपण 'होईल बरं' म्हणून दुर्लक्ष करतो. केस गळले की मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरकडे धावतो. ऑपरेशननंतर तपासणीला जायचं सोडून दिलेला माणूस दवाखान्यात परत येण्याचं हे कारण असतं. अशा वेळी त्याच्या हातात बायोटिनच्या गोळ्या आणि महागडा शाम्पू ठेवून त्याला घरी पाठवणं म्हणजे आलेली संधी घालवणं.

केस का गळतात?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. कोणत्याही दिवशी जवळपास दहा टक्के, म्हणजे दहा हजार केस विश्रांतीत असतात. ते शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर. हे सगळ्यांचंच होतं, लक्षात येत नाही इतकंच.

आता शरीरावर मोठा ताण आला असं समजा. मोठं ऑपरेशन, भूल, अचानक निम्म्याहूनही कमी झालेलं खाणं, दर आठवड्याला उतरणारं वजन. अशा वेळी शरीर काय करतं? रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला की काही गाड्या चालू राहतात आणि बऱ्याच रद्द होतात, तसंच. हृदय, मेंदू, जखम भरणं या गाड्या चालूच राहतात. केस वाढवणं ही सेवा सगळ्यात आधी रद्द होते. वाढीच्या टप्प्यातले कितीतरी केस एकदम विश्रांतीत जातात. समजा दहाऐवजी तीस टक्के गेले, तर शंभर दिवसांत तीस हजार केस गळणार. म्हणजे रोजचे तीनशे! जाळीत दिसतो तो पुंजका हाच.

याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. ताण आज आला तरी केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही. बाळंतपणानंतर, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर, कोविडनंतर केस गेले होते ना? तेच हे. ऑपरेशननंतर निम्म्याहून अधिक रुग्णांना याचा कमी-जास्त अनुभव येतो. साधारण तिसऱ्या महिन्यात सुरुवात, सहाव्या महिन्यापर्यंत जोर, मग हळूहळू ओसरणं. यात मुळं शाबूत असतात, त्यामुळे टक्कल पडत नाही. केस परत येतात.

पण एक हिशेब आधीच समजून घ्या. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. गळणं सहा-आठ महिन्यांत थांबलं तरी खांद्याखाली येणाऱ्या वेणीची जाडी परत यायला दोन-तीन वर्षं लागतात. मधल्या काळात कपाळाच्या कडेला उभे राहणारे छोटे, हट्टी केस दिसले तर वैतागू नका. ते नवे केस आहेत. काहींचे केस या काळात कोरडे, बारीक, निस्तेज होतात, तेही बहुतेकदा सुधारतं.

आणखी एक बदल कोणी सांगत नाही. पीसीओएसचा त्रास असलेल्या मुलींच्या हनुवटीवरचे, ओठांवरचे राठ केस वजन उतरल्यावर हळूहळू कमी होऊ शकतात, पाळी नियमित होते. म्हणजे एकीकडे नको असलेले केस कमी होतात, तर दुसरीकडे हवे असलेले काही काळ गळतात.

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांवर असलेल्यांनीही हे वाचावं. मौंजारो भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. वजन वेगानं उतरलं की केस गळू शकतात, मग ते ऑपरेशननं उतरो वा इंजेक्शननं.

पाण्याला दोष देण्याआधी

आपल्याकडे केस गळले की पहिला आरोपी ठरलेला असतो : पाणी. 'आमच्या सोसायटीत टँकर येतो', 'बोअरवेलचं पाणी जड आहे', 'कल्याणला राहायला आल्यापासून केस गेले'. जड पाण्यानं केस रुक्ष होतात हे मान्य. पण ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यातच पाणी अचानक कसं बिघडेल? घरातल्या बाकीच्यांचे केस का जात नाहीत?

या संदर्भात बुलढाण्याची आठवण करून देतो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांतच मुठीनं हातात येऊ लागले. तिथेही आधी पाण्यावर संशय गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक तपासणीला आलं. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांतून वेगळीच गोष्ट मांडली : लोकांच्या खाण्यातल्या गव्हात आणि त्यांच्या रक्तात सेलेनियम फार जास्त होतं, आणि झिंक कमी.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? दोन गोष्टी. पहिली, केसांच्या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा पोटात जाणाऱ्या अन्नात असतं. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची : सेलेनियम हे 'केसांसाठी चांगलं' म्हणून गोळ्यांत घालतात, आणि तेच अति झालं की केस घालवतं. व्हिटॅमिन ए चंही तसंच. झिंक बरेच महिने जास्त घेत राहिलं की शरीरातलं तांबं कमी होतं, आणि तांबं कमी झालं की रक्त कमी होतं, नसांवरही परिणाम होतो. म्हणून सर्जननं लिहून दिलेली मल्टिव्हिटॅमिन, त्यावर मैत्रिणीनं सांगितलेली हेअर गमी आणि त्यावर ऑनलाइन मागवलेली पावडर, असं तिहेरी करू नका. 'जीवनसत्त्वच आहे, नुकसान काय होणार?' हे वाक्य खरं नाही.

बायोटिनबद्दल स्पष्टच

केसांच्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन असतं. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. गोळीत असतं ५ किंवा १० मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त! शरीरात बायोटिनची खरी कमतरता असेल तर त्याचा उपयोग होतो, पण तशी कमतरता क्वचितच आढळते.

काही डॉक्टरमित्र म्हणतात, "देऊन टाका हो, रुग्णाला बरं वाटतं." मला हे पटत नाही, कारण बायोटिन निरुपद्रवी नाही. जास्त डोसमध्ये ते रक्ताच्या काही तपासण्या चुकवतं. थायरॉइडचा रिपोर्ट असा येऊ शकतो की जणू थायरॉइड जास्त काम करतंय. हार्ट अ‍ॅटॅकसाठी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएनं नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. आता विचार करा : ज्यांचं वजन जास्त होतं, ज्यांना शुगर-बीपी होतं, त्यांनाच छातीत दुखण्याचा धोका जास्त. आणि त्यांच्याच रक्तात आपण ट्रोपोनिन चुकवणारी गोळी घालायची?

बायोटिन घेत असाल तर रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. साधारणपणे दोन-तीन दिवस आधी ते बंद करायला सांगतात. डोस जास्त असेल तर आणखी आधी.

पीआरपीच्या आणि हेअर पॅकेजच्या जाहिरातींबद्दलही एक साधी गोष्ट. माणूस वैतागून पाचव्या-सहाव्या महिन्यात पॅकेज घेतो. आठव्या-नवव्या महिन्यात केसगळती आपोआपच थांबणार असते. ती थांबते आणि श्रेय पॅकेजला मिळतं. पैसे भरण्याआधी तीन महिने थांबा, तेवढ्यात रक्त तपासून घ्या.

आपलं ताट कुठे कमी पडतं?

केस केराटिनचा, म्हणजे प्रोटीनचा बनतो. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा जवळपास तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात. बायपासमध्ये अन्नाला लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे नेतात, आणि लोह शोषलं जातं ते मुख्यतः त्याच भागात. जठर लहान झालं की आम्ल कमी, त्यामुळे लोह आणि बी १२ दोन्ही कमी शोषले जातात. त्यात पित्ताची गोळी महिनोन्महिने चालू असेल तर आणखीच.

ऑपरेशननंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रोटीन हवं. अनेकांना ७०-८० ग्रॅमही लागतं. आता आपलं रोजचं जेवण आठवा. पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम तीन-चार ग्रॅम. एका पोळीत तीनेक ग्रॅम. भाजीत नावापुरतं. जठर आधीच लहान. त्यात पहिले दोन घास वरण-भाताचे गेले की पोट भरलं. शाकाहारी घरांत तर बी १२ ऑपरेशनच्या आधीपासूनच कमी असतं.

म्हणून जेवणाचा क्रम उलटा करा. आधी प्रोटीन, मग भाजी, पोळी किंवा भात शेवटी. शाकाहारी माणसाचा दिवसाचा हिशेब असा बसतो : ४०० मिलिलिटर दूध १३ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ १३, कोरडे मोजून ३० ग्रॅम सोया चंक्स १५, एक वाटी दही ५. एकूण ६४. अंडं खात असाल तर एका अंड्याचे ६ ग्रॅम. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं, १०० ग्रॅम मासळीत सुमारे २० ग्रॅम मिळतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत एवढं खाणं जमत नाही, तेव्हा प्रोटीन पावडर लागतेच. तिला 'जिमवाल्यांची पावडर' म्हणून नाकं मुरडू नका. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

उपासाचा प्रश्न नाजूक आहे, पण बोलायलाच हवं. श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी आणि मग नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच. लहान झालेल्या जठरात खिचडीची वाटी गेली की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षी कडक उपास करू नयेत, असं माझं मत आहे. अगदीच मोडवत नसेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा, दाण्याची आमटी यावर उपास करा. घरातल्या ज्येष्ठांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय.

चहा जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नको. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

कधी थांबायचं नाही?

पुढीलपैकी काही असेल तर 'ऑपरेशननंतर होतंच' म्हणून बसू नका :

• गळती सहा महिन्यांनंतर सुरू झाली, किंवा वर्ष उलटूनही थांबत नाही.
• केस ठिपक्यांनी जातायत, भुवया विरळ होतायत, डोक्यावर खवले किंवा खाज आहे.
• पाय सुजतात, दम लागतो, चेहरा फिकट दिसतो.
• तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो.
• पाळीत रक्तस्राव जास्त होतो.

अशा वेळी हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका. फेरिटिन, बी १२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, झिंक आणि टीएसएच बघायला हवं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. बायपास झालेल्यांना लोहाच्या गोळ्या पुरल्या नाहीत तर शिरेतून लोह द्यावं लागतं.

आणि एक गोष्ट केसांपेक्षा कितीतरी गंभीर. ऑपरेशननंतर काही दिवस सतत उलट्या होत असतील, पोटात काहीच राहत नसेल, तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी १ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. मग एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं वागणं सुरू होतं. मेंदूचं हे नुकसान कायमचं राहू शकतं. आपल्याकडे उलट्या झाल्या की पहिली मागणी असते, "डॉक्टर, एक सलाईन लावा, तरतरी येईल." थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन लावलं तर हा त्रास वाढू शकतो. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हे बोला : "माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्यायचं का बघा." केस परत येतील, मेंदूचं तसं नाही.

माझ्या तीन मागण्या

पहिली, सर्जन आणि हॉस्पिटलांकडे. केस गळणार हे ऑपरेशनआधी सांगा आणि मराठीत लिहून द्या. भूल आणि टाक्यांच्या धोक्यांवर सह्या घेताना हेही एक वाक्य असू द्या. फेरिटिन, बी १२ आणि व्हिटॅमिन डी ऑपरेशनआधीच तपासून भरून काढा. लग्नाळू मुला-मुलींना महिने मोजून सांगा. मे महिन्यात ऑपरेशन केलं तर ऑगस्टपासून केस गळणार आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्ताला ते सगळ्यात विरळ असणार. मुलगी आनंदानं ऑपरेशन करून घेते आणि लग्नाच्या आधी आरशासमोर रडते. हे टाळता येतं. तारीख सहा-आठ महिने आगेमागे करायची की तशीच ठेवायची, हे तिला ठरवू द्या, पण माहिती असताना.

दुसरी, आम्हा फॅमिली डॉक्टरांकडे. दर तपासणीसाठी डोंबिवलीहून मुंबई गाठणं, त्यासाठी रजा टाकणं, लोकलची गर्दी सोसणं, यात दुसऱ्या वर्षी फॉलो-अप सुटतो. तो इथे, घराजवळ व्हायला हवा. तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दर वर्षी, आयुष्यभर. रक्त ठाण्यात किंवा कल्याणात काढा, रिपोर्ट सर्जनना पाठवा. यात अवघड काही नाही.

तिसरी, तुमच्याकडे. केस गळतायत म्हणून ऑपरेशनचा पश्चात्ताप करू नका. ज्या माणसाची शुगर आटोक्यात आली, घोरणं थांबलं, गुडघ्यांवरचा भार हलका झाला, त्यानं मिळवलेलं फार मोठं आहे. आणि केसांच्या भीतीनं जास्त खायला लागू नका. केसांना प्रोटीन आणि लोह लागतं, नुसत्या जास्त कॅलरी नाहीत.

तुमच्या डॉक्टरकडे जाताना शाम्पूची बाटली नेऊ नका. मागच्या तीन दिवसांत काय-काय खाल्लं ते कागदावर लिहून न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट न्या. रिपोर्ट एक वर्षापूर्वीचे निघाले, तर केसांवर बोलण्याआधी उद्या सकाळी रक्त द्या.